पायाला बाक, अवेळी पडलेला दात आणि रक्तातला एक आकडा



या पानावर आपण दर आठवड्याला पिकाचे बोलतो, मातीचे बोलतो, कधी गुराढोरांचेही बोलतो. आज बोलायचे आहे ते लेकरांच्या हाडांविषयी. शेतीच्या माणसाने हे मध्येच काय काढले, असे तुम्हाला वाटेल. पण अंबाजोगाईच्या आसपासच्या गावांत फिरताना खताबियाण्याचे बोलणे आटोपले आणि चहाची कपबशी हातात आली, की घरची बोलणी निघतात. त्यात एक प्रश्न वरचेवर येतो. "साहेब, पोराचे पाय फेंगडे पडलेत. कॅल्शियमची कोणती बाटली आणावी?" बाटली सांगणे माझे काम नव्हे, मी डॉक्टर नाही. पण तपासल्याशिवाय काही देऊ नका, हे सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली. तेवढे मात्र हक्काने सांगतो.

सोयाबीनचे पान पिवळे पडले की आपला पहिला हात युरियाच्या पोत्याकडे जातो. पान पिवळे पडण्याची कारणे किती! नत्र कमी असेल, आपल्या चुनखडीच्या रानात लोह लागत नसेल, वाफ्यात पाणी साचले असेल, नाही तर मुळाला रोग असेल. युरियाने यातले एकच बरे होईल. पायाच्या बाकाचेही तसेच आहे. बाक एकसारखा दिसतो, कारणे निरनिराळी असतात. त्यांतले एक कारण इतके विरळ आहे की बहुतेक गावांत ते कधी दिसायचेही नाही. पण ज्या घरात ते असते त्या घरात कॅल्शियमची बाटली नुसती वाया जात नाही, ती अपायही करू शकते. म्हणून हा लेख.

आधी नेहमीचे पाहू, म्हणजे उगाच भीती नको. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाच्या पायाला थोडा बाक असतोच, तो चालता-बोलता भरून निघतो. तो भरला नाही, मनगटे जाड झाली, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी आल्या, टाळू लवकर भरली नाही, तर डॉक्टरांच्या मनात पहिले नाव येते ते मुडदुसाचे. मुडदूस बहुतेक वेळा ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. एवढे ऊन असलेल्या आपल्या मुलखात उन्हाने मिळणारे जीवनसत्त्व कमी पडावे याचे नवल वाटते, पण मूल सदा झाकून घरात राहिले आणि दूधदुभते पोटात गेले नाही, तर ते होते. मुडदूस ओळखला आणि नीट उपचार झाला, तर महिन्यांत फरक दिसतो.

दुसरे कारण आपल्या पायाखालचे आहे. बीड, नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते जाऊ नये. वर्षानुवर्षे गेले तर दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, कंबर-मान आखडते, आणि खाणे निकस असेल तर लहान मुलांचे गुडघेही वाकडे होतात. पण हा रोग पाण्याचा आहे. एका बोअरवर दहा घरे पाणी भरत असतील तर तो दहाही घरांत थोडाफार दिसेल. एकाच घरात, एकाच आईबापांच्या दोन लेकरांत दिसतो आणि शेजारी सगळे ठणठणीत आहेत, असे असले तर नजर पाण्यावरून काढून रक्ताकडे वळवावी लागते.

आता त्या विरळ आजाराकडे येऊ. त्याचे नाव हायपोफॉस्फटेशिया. नाव तोंडात बसत नाही हे खरे, पण एकदा फोड करून घ्या. हायपो म्हणजे कमी. फॉस्फटेज हे आपल्या शरीरातल्या एका विकराचे, म्हणजे शरीरात घडामोडी घडवून आणणाऱ्या पदार्थाचे नाव. तो विकर जन्मतःच कमी, असा हा आजार. याच्या शेजारी बसणारे दुसरे नाव आहे, हायपोफॉस्फटेमिया. त्यात विकर कमी नसतो. रक्तातले फॉस्फेट, म्हणजे आपले स्फुरद, कमी असते, कारण ते लघवीवाटे निघून जाते. शेवटच्या एका अक्षराने आजार बदलतो आणि औषधही बदलते. कागदावरचे नाव स्पष्ट वाचून घ्या, ऐकीव नावावर जाऊ नका.

फॉस्फटेज तुमच्यापैकी काही जणांना नवे नाही. दूध संघात काम केलेल्यांनी 'फॉस्फटेज चाचणी' ऐकली असेल. कच्च्या दुधात हा विकर असतो. पाश्चरायझेशनच्या वेळी दूध जेवढे तापवायचे तेवढे नीट तापले, तर तो नष्ट होतो. म्हणून तापवलेल्या दुधात तो सापडला, तर दूध कच्चे राहिले किंवा त्यात कच्चे मिसळले असे समजतात. तोच विकर गाईच्या हाडात आहे, आपल्याही हाडात, यकृतात आहे. हाडाच्या घडणीत त्याचे काम असावे, हे लंडनच्या रॉबर्ट रॉबिसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९२३ साली मांडले.

ते काम काय, हे शेतकऱ्याला समजावणे मला सोपे वाटते. आपल्या काळ्या रानाचा माती परीक्षणाचा कागद पाहा. जमिनीत एकूण स्फुरद काही कमी नसते. पण ते चुन्याशी बांधले जाते आणि मुळाला लागत नाही. घरात धान्याची कणगी भरलेली, पण कणगीचे झाकण उघडेना, अशी गत. या आजारात हाडाचे तसेच होते. रक्तात कॅल्शियम असते, स्फुरद असते, पुष्कळदा गरजेपेक्षा जास्तच असते. पण ते हाडात जाऊन बसत नाही. कारण पायरोफॉस्फेट नावाचा एक पदार्थ आड येतो. त्याच्या जातीचे पदार्थ पाण्याच्या नळ्यांत खार धरू नये म्हणून पाण्यात घालतात. ज्यांच्या ठिबकच्या तोट्या चुनखडीने बुजतात त्यांना खार धरणे म्हणजे काय ते सांगायला नको. नळीत खार धरू नये हे चांगले. पण हाड म्हणजे तरी काय? नेमक्या जागी, नेमक्या रीतीने धरलेला खारच तो. तिथे पायरोफॉस्फेट साठून राहिले तर हाड मऊ राहते. निरोगी शरीरात फॉस्फटेज हा पायरोफॉस्फेट मोडून काढतो आणि हाडाची वाट मोकळी करतो. विकरच कमी पडला की वाट अडते.

आता लक्षात येईल की इथे बाहेरून कॅल्शियम ओतणे म्हणजे न उघडणाऱ्या कणगीवर आणखी पोती रचणे आहे. ते जाणार कुठे? रक्तात वाढते, लघवीत उतरते, मूत्रपिंडात बसते. तान्ह्या बाळात तर या आजाराने रक्तातले कॅल्शियम आधीच वाढलेले असू शकते. बाळ ओकते, अंगावर पीत नाही, वजन धरत नाही. अशा बाळाला मुडदूस समजून ड जीवनसत्त्वाचे सहा लाख युनिटचे इंजेक्शन टोचले, फरक पडला नाही म्हणून पुन्हा टोचले, तर काय होईल ते सांगायला डॉक्टर असण्याची गरज नाही. ड जीवनसत्त्व खरोखरच कमी असल्याचे तपासणीत दिसले, तर डॉक्टर या आजारातही ते बेताने देतात. तपासून देणे आणि अंदाजाने देणे यांत फरक आहे, एवढेच माझे म्हणणे.

मग ओळखायचे कसे? याचे उत्तर एका स्वस्त आकड्यात आहे. तो आकडा कित्येकांच्या घरी पिशवीतल्या जुन्या कागदांत आधीच पडलेला असेल. काविळीच्या शंकेने यकृताची जी रक्ततपासणी करतात, तिच्यात अल्कलाइन फॉस्फटेज अशी एक ओळ असते. कागदावर ती इंग्रजीत असते, शेजारी ए-एल-पी अशी तीन अक्षरे असतात. शाळेत जाणाऱ्या पोरीला सांगा, ती शोधून देईल.

मुडदुसात हा आकडा वाढतो. फ्लोराइडच्या रोगात साधारणपणे वाढतो. लघवीवाटे स्फुरद जाणाऱ्या त्या दुसऱ्या आजारातही वाढतो. हाड मऊ आहे आणि हा आकडा मात्र कमी आहे, असे हायपोफॉस्फटेशियात घडते. एवढी ही साधी खूण आहे. तरी ती निसटते. का निसटते, ते नीट पाहा.

पहिली गोष्ट, प्रयोगशाळेचा कागद वाचताना आपली, आणि घाईत असलेल्या पुष्कळ डॉक्टरांचीही, नजर वाढलेल्या आकड्याकडे जाते. साखर वाढली, युरिया वाढला, कावीळ वाढली. कमी झालेल्याकडे कोण पाहतो? दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वाढत्या मुलाचे हाड रोज घडत असते, म्हणून त्याच्या रक्तात हा विकर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असायला हवा. मोठ्या माणसात तो साधारण चाळीस ते एकशेतीसच्या दरम्यान असतो. लहान मुलात दीडशे ते साडेतीनशे-चारशेच्या आसपास असतो. प्रयोगशाळेप्रमाणे हे आकडे थोडे पुढेमागे होतात. आता समजा, तीन वर्षांच्या मुलाचा आकडा साठ आला. कागदावर शेजारी मोठ्या माणसाचे प्रमाण छापलेले असेल, तर साठ त्यात आरामात बसतो. खाली तांबडी रेघ नाही, ठळक अक्षर नाही. "रिपोर्ट नॉर्मल आहे," म्हणून मूल घरी येते. खरे तर साठ हा त्या वयाला फार कमी आहे. ज्वारीचे प्रमाण उसाला लावले तर माती परीक्षणाचा कागदही असाच फसवील. म्हणून विचारताना एवढेच विचारा: "डॉक्टरसाहेब, हा आकडा याच्या वयाला बरोबर आहे का?" असे विचारल्याने कोणा डॉक्टरांचा अपमान होत नाही, आणि झालाच तर होऊ द्या.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर उद्या निम्मा तालुका कागद घेऊन धावेल. आकडा कमी आला म्हणजे हाच आजार, असे नाही. हिमोग्लोबिनसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून जे औषध असते ते जस्त आणि मॅग्नेशियम पकडून ठेवते. चुकून त्याच नळीतल्या रक्तावर ही तपासणी झाली तर आकडा खोटाच खाली येतो. कारण हा विकर चालतो तो जस्त आणि मॅग्नेशियमच्या जोरावर. जस्त हा तर आपला जुना परिचय. मराठवाड्याच्या रानांत त्याची कमतरता आहे, म्हणून आपण झिंक सल्फेट टाकतो. फार कुपोषित मुलात जस्त कमी पडून हा आकडा उतरू शकतो. थायरॉइडच्या आजारात, मोठ्या रक्तक्षयात उतरू शकतो. म्हणून एकदा कमी आला तर दुसऱ्यांदा, योग्य नळीत, पुन्हा करून पाहतात. आणि कोणी हे वाचून घरच्या घरी जस्ताच्या गोळ्या सुरू करू नयेत. जन्मजात आजारात विकराचा साचाच बिघडलेला असतो, जस्ताने तो दुरुस्त होत नाही.

आकड्याच्या आधी घरातल्या बाईला दिसणारी एक खूण आहे, आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. ती म्हणजे दात.

दुधाचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. खालून पक्का दात वर येतो, तो दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळवतो, आणि मग वरची टोपी तेवढी हातात येते. पडलेला दात नीट पाहा, त्याला मूळ जवळजवळ नसते. हायपोफॉस्फटेशियाच्या मुलात पुढचे दात, बहुधा खालचे, पाच वर्षांच्या आत, कधी दोन-तीन वर्षांचे असतानाच पडतात. न किडता, न आपटता, फारसे रक्त न येता पडतात. आणि पडतात ते मुळासकट. भुईमूग उपटल्यावर मूळ जसे सबंध हाती येते तसा लांब मुळाचा अख्खा दात आईच्या हातात येतो. कारण दाताला जबड्याशी धरून ठेवणारा जो चिवट लेप असतो, तोच या आजारात नीट बनलेला नसतो. काही मुलांत दातापुरतेच सगळे राहते, हाडे चांगली असतात. काहींत दात ही पहिली सूचना असते आणि हाडाचे मागून दिसते.

आपल्याकडे पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून घरावर फेकण्याची रीत आहे. रीतीला माझी हरकत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाचा दात खुशाल फेका. पण पाच वर्षांच्या आत, मार न लागता पडलेला दात मात्र फेकू नका. धुऊन, कोरडा करून एका डबीत ठेवा आणि दाताच्या किंवा लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. घरावर गेलेला दात नुसत्या तोंडी सांगण्याने डॉक्टरांना दिसत नाही. डबीतला दात मुळासकट साक्ष देतो.

या आजाराला पहिल्यांदा नाव दिले ते कॅनडातल्या रॅथबन नावाच्या डॉक्टरांनी, १९४८ साली. त्यांच्यापुढे एक तान्हे बाळ होते. हाडे मुडदुसासारखी, झटकेही येत होते. मुडदुसात हा विकर वाढायला हवा. या बाळात तो अतिशय कमी होता. बाळ वाचले नाही. पण आकडा अपेक्षेच्या उलटा आहे, म्हणजे आजार वेगळा आहे, हे त्यांनी ओळखले. झटक्यांचे कारण पुढे उलगडले. ब-६ जीवनसत्त्व मेंदूच्या पेशीत शिरण्याआधी हाच विकर त्याला मोकळे करतो. विकर नसला की जीवनसत्त्व रक्तात साठते आणि मेंदू उपाशी राहतो. तान्ह्या बाळाचे झटके नेहमीच्या औषधांनी थांबत नाहीत आणि ब-६ दिल्यावर थांबतात, तेव्हा हा आजारही डॉक्टरांच्या मनात यायला हवा. आजार पक्का करतानाही रक्तातले हेच ब-६ मोजतात. ते वाढलेले सापडते. तपासणीआधी कोणी ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू केल्या असतील तर मात्र आकडा फसतो, तेवढे डॉक्टरांना आधी सांगावे. शेवटी जनुकाची तपासणी असते. या विकराच्या जनुकातला बिघड १९८८ साली सापडला.

सगळ्यांना तो सारखाच होतो असे नाही. गर्भातच किंवा पहिल्या सहा महिन्यांत दिसला तर जिवावरचा असतो. छातीचा पिंजरा मऊ, श्वास पुरत नाही. मोठ्या मुलात उशिरा चालणे, बदकासारखे डुलत चालणे, पाय दुखणे, पायऱ्या चढताना दमणे एवढेच असते. मोठ्या माणसात तर आणखी लपून राहतो. पायाच्या पंज्याचे हाड मार न लागता चिरते आणि महिनोन्महिने भरून येत नाही. मांडी दुखत राहते. हाडे ठिसूळ झाली म्हणून चाळिशी-पन्नाशीत हाडांच्या ज्या आठवड्याच्या गोळ्या देतात, त्या या आजारात अपाय करू शकतात, मांडीचे हाड मोडू शकतात. म्हणून मायबहिणींनो, अशी गोळी सुरू होण्याआधी तुमच्याही कागदावर त्या तीन अक्षरांसमोर काय लिहिले आहे ते विचारून घ्या. बाळपणी तुमचे दात लवकर पडले होते का, हे म्हाताऱ्या आईला विचारून ठेवा.

आता बियाण्याचे बोलू. या आजाराचे बी आईबापांकडून येते. त्याच्या तीव्र प्रकारात दोघेही वरून निरोगी असतात, पण दोघांकडेही जनुकाची एक प्रत चांगली, एक बिघडलेली असते. संकरित वाणाच्या कापसाचे बी घरी ठेवून दुसऱ्या वर्षी पेरणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. पहिल्या वर्षी शेत एकसारखे, दुसऱ्या वर्षी दडलेले गुण वर येतात, कुठे उंच कुठे खुजे. मेंडेलने वाटाण्यावर हेच मोजले आणि १८६६ साली छापले: जांभळ्या फुलांची ७०५ झाडे, पांढऱ्या फुलांची २२४, म्हणजे साधारण चारांत एक. दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याचा संभव असाच चारांत एक. तो दर खेपेला चारांत एक असतो. एक आजारी झाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा हिशेब धरू नये. सौम्य प्रकार कधी कधी एकाच पालकाकडूनही उतरतो, तेव्हा संभव निम्मा असतो.

यात दोन गोष्टी सांगायच्या आहेत, आणि दोन्ही थोड्या नाजूक आहेत. लेकराचे पाय वाकडे निघाले की आपल्या घरांत बोट सुनेकडे जाते. गरोदरपणी ग्रहण पाहिले, हे खाल्ले, ते खाल्ले नाही. तीव्र प्रकारात अर्धा वाटा बापाचा असतो, ठरलेला, कमी नाही. तपासणीला दोघांनीही जायचे. रक्त द्यायला बाप कामाचे निमित्त काढतो हे मला ठाऊक आहे. त्याला सांगा, वाहकाचाही हा आकडा पुष्कळदा खालच्या बाजूला असतो, म्हणून बापाच्या रक्ताची ती स्वस्त तपासणीही डॉक्टरांना उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट मामाच्या मुलीची. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल जुनी आहे, आणि तिच्यात मायाही आहे. पण एकाच आजोबांकडून आलेली तीच बिघडलेली प्रत नवऱ्याकडेही आणि बायकोकडेही असण्याचा संभव अशा लग्नात वाढतो. कळपात एकच वळू पिढ्यान्‌पिढ्या ठेवू नये, हे देवणी आणि लाल कंधारी पाळणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? माणसांची गुरांशी बरोबरी करतो असे मानू नका. रक्ताचा नियम दोघांना एकच आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात मेनोनाइट नावाचा एक पंथ आहे, शेती करणारा, आपापसांत सोयरीक करणारा. त्यांच्यात पंचविसांत एक माणूस या आजाराचा वाहक आहे आणि अडीच हजार जन्मांत एक मूल तीव्र आजाराचे जन्मते. एरवी तीव्र प्रकार लाखात एखादा सांगतात. घरात असे एक मूल झाले असेल, तर त्या कुळात पुढची सोयरीक जुळवण्याआधी आणि पुढच्या गरोदरपणाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

औषध आहे का? आहे, आणि इथे मला गोड बोलता येणार नाही. कमी पडलेला विकरच तयार करून कातडीखाली टोचण्याचे औषध निघाले आहे. २०१२ साली जिवावर बेतलेल्या अकरा बाळांवरचा त्याचा अनुभव प्रसिद्ध झाला. मऊ हाडे भरू लागली, श्वास सुधारला. २०१५ साली अमेरिका, युरोप, जपानने त्याला मान्यता दिली. पण ते आठवड्यातून तीन किंवा सहा वेळा, वर्षानुवर्षे टोचावे लागते आणि परदेशात त्याचा वर्षाचा खर्च रुपयांत कोटींच्या घरात जातो. केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आणले, त्याच्या यादीत हायपोफॉस्फटेशियाचे नाव आहे. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा पन्नास लाखांपर्यंत वाढवली. ही मदत ठरवून दिलेल्या केंद्रांतूनच मिळते, मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्यांपैकी एक. पन्नास लाख आणि कोटी यांतले अंतर तुम्हाला दिसते आहे, मलाही दिसते. यादीत नाव असणे वेगळे आणि घरात इंजेक्शन येणे वेगळे.

तरी नाव कळण्याने काय मिळते, असे कोणी विचारले तर मी पुष्कळ मिळते म्हणेन. चुकीचे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची इंजेक्शने थांबतात. हाडवैद्याकडून पाय ओढून घेणे थांबते. मोडलेले हाड कसे बसवायचे, दात गेलेल्या मुलाला चावता यावे म्हणून काय करायचे, स्नायूंचा कोणता व्यायाम द्यायचा, हे डॉक्टर ठरवू शकतात. घरोघरचे कर्ज काढून चाललेली दवाखान्यांची फेरी संपते. सौम्य आजाराची पुष्कळ माणसे या महागड्या औषधाशिवाय संसार करतात.

जायचे कुठे? पहिली पायरी गावातच आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत मुले तपासायला येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि दाताची डबी अंगणवाडीच्या ताईंकडे देऊन ठेवा. पुढची पायरी अंबाजोगाई. १९७४ साली ग्रामीण भागासाठी काढलेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आपल्या दाराशी आहे. योगेश्वरीच्या दर्शनाला आणि बाजाराला आपण येतोच. तिथे बालरोग विभागात केसपेपर काढा. रक्तातले कॅल्शियम, स्फुरद आणि अल्कलाइन फॉस्फटेज या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. एकट्या कॅल्शियमवरून काही कळत नाही. मनगटाचा आणि गुडघ्याचा एक्स-रे लागेल. शंका पक्की वाटली तर पुढच्या खास तपासण्यांसाठी मोठ्या शहरात पाठवतात. चिठ्ठी घेऊनच जा, नाहीतर तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

जाताना पिशवीत काय न्यायचे, तेवढे सांगून थांबतो. सगळे जुने कागद, चुरगळलेलेसुद्धा. आतापर्यंत दिलेल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या, म्हणजे ड जीवनसत्त्व किती गेले ते कळेल. दाताची डबी. मूल केव्हा बसले, केव्हा चालले, कोणता दात कोणत्या महिन्यात पडला, याची वहीतली टिपणे. घरात, माहेरी-सासरी, कोणाचे दात लवकर पडले, कोणाचे हाड विनाकारण मोडले, कोणाचे तान्हे बाळ झटक्यांनी गेले, हे थोरांना विचारून लिहून घ्या. आणि बापाला बरोबर न्या.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरच्या घाटेअळीविषयी.